उपासाचा साबुदाणा

चतुर्थीला सकाळभर खपून भरतने गोठ्यामागच्या गोबरगॅसला नळ्या जोडल्या आणि घरात येऊन पाहिलं, तर फडताळातला त्याचा स्टीलचा डबा रिकामा. डब्यात बारीक पांढरे मणी होते, दिसायला थेट साबुदाणा. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घासून त्याने ते बनवले होते. मणी एका जातीच्या प्लास्टिकचे, आणि त्यांना जोडलेलं रसायन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारं. पण ते खरंच जोडलं गेलंय की नुसतं वरवर चोपडलंय, यावरच घोडं अडलं होतं. चोपडलेलं असेल तर पाण्यात धुऊन जाणार आणि काम तिथंच बंद. "रात्रभर भिजवून बघ," असं प्रयोगशाळेतल्या मॅडम कधीच्या सांगत होत्या. आणि हा गडी आज करतो, उद्या करतो म्हणत होता. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. गोबरगॅसवर चाचणी घेतो म्हणून बोरीला घरी आला, तोही पळ काढूनच.

"आई, डब्यातलं कुठंय?"

कुशाबाई आधीच तापली होती. "त्यो साबुदाणा? मला वाटलं मीच भरून ठिवलाय. राती भिजत घातला, तर एक दाणा फुगला न्हाई. वर माशावानी वास, उपासाच्या दिवशी! आळ्याच्या बाजारात जाऊन, ज्याच्याकडनं आणला त्या नथमलशेठच्या म्होरं आपटला."

भरतने डब्यात काय होतं ते सांगितलं. काय झालंय ते कळल्यावर कुशाबाईचं तोंड एवढंसं झालं. पोराची तीन वर्षं आपण पाण्यात घातली, म्हणून तिने उपासाचं पाणीही सोडलं.

भरतने आळ्याचं दुकान गाठलं. नथमलशेठ गल्ल्यावर सुतकी चेहऱ्याने बसले होते.

"भरतभाऊ, आमच्या घरात कुणी अंड्याला शिवलं न्हाई. आन तुमच्या आईनं गिऱ्हाइकांदेखत माझ्या मालात मासळी काढली."

"शेठ, तो साबुदाणाच नव्हता. वास रसायनाचा होता. चूक आमची. टाकला का तुम्ही?"

"टाकीन कसा? ज्यानं माल दिला त्याला दाखवायचा व्हता."

मणी मागच्या अंगणात फडक्यावर कडकडीत वाळत पडले होते. शेठनी ते द्यायला खळखळ केली नाही, फक्त दुकानात बसलेल्या चौघांसमोर 'शेठचा साबुदाणा चांगला' एवढं भरतकडून मोठ्याने वदवून घेतलं. बिचाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी भरतने मणी कढत पाण्याच्या पातेल्यावर शेकले, म्हणजे आधी धरलेला वायू निघून जावा. मग दोन ग्लासांत चुन्याची निवळी घेतली. पहिल्या ग्लासात गोबरगॅस सरळ सोडला, तसं पाणी दुधासारखं झालं. त्यातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटला की असंच होतं. दुसऱ्या ग्लासात मात्र गॅस नळीत भरलेल्या मण्यांतून सोडला. बुडबुडे येत राहिले. पाणी नितळच राहिलं.

कुशाबाई दारात उभी होती. "ह्ये तर काहीच झालं न्हाई. बिघडलं ना रं माझ्यामुळं?"

"नाही आई. सगळा वायू मण्यांनी धरला. रात्रभर भिजूनही रसायन सुटलं नाही." भरतने ग्लास उजेडात धरला. "हेच बघायचं होतं. माझाच धीर होत नव्हता."

बोलता बोलता त्याला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. कुशाबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"येवढं भ्या वाटत व्हतं तर मला सांगायचं," ती म्हणाली, "मी कवाच भिजत घातलं असतं."