काकांचं नेमकं काम काय?

गुडघे दुखतात म्हणून वडिलांनी खुर्च्यांचा कारखाना ताईवर सोपवला खरा, पण रोज सकाळी चहा पिऊन ते तिथे हजर. काकाही हजर. धाकटा भाऊ मनात येईल तेव्हा हजर. सहा महिन्यांत ताईचं डोकं भणभणून गेलं. एका शाळेच्या चाळीस खुर्च्यांना वडिलांनी सरळ पाठ सांगितली, भावाने गोलसर. मिस्त्रीने बिचाऱ्याने दोघांचंही मन राखलं. शाळेने निम्म्या खुर्च्या परत पाठवल्या.

त्या दिवशी जेवताना ताईने सांगूनच टाकलं, "उद्यापासून कारखान्यात तुम्ही कुणी पाऊल ठेवायचं नाही."

वडील ताटावरून उठले. काका "बरं बाई" म्हणाले आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.

दोन महिने सगळं सुतासारखं सरळ चाललं. माल वेळेवर निघायचा, आवाज काय तो रंध्याचा. मग तक्रारी सुरू झाल्या. कुणाची खुर्ची डुगडुगते, कुणाची कुरकुरते. ताईने लाकूड तपासलं, सरस बदलला, मिस्त्रीला फैलावर घेतलं.

मिस्त्री चाचरत म्हणाला, "रागावू नका ताई. पूर्वी माल निघायच्या आधी काका एकेका खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. डुगडुगली की बाजूला काढायला लावायचे."

"मला वाटायचं, ते नुसतेच बसतात!"

"आम्हालाही तसंच वाटायचं."

ताईने तडक घर गाठलं. "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. "काय सांगायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने काकांना बोलावून घेतलं. पाठोपाठ वडीलही आले. "मी ह्याला फक्त सोडायला आलोय," म्हणाले, आणि अकरा वाजेपर्यंत मिस्त्रीला खुर्चीच्या पायाची जाडी समजावत बसले.

ताई दारात थबकली. आता ओरडावं, की ह्यांच्या लुडबुडीतही असंच एखादं काम दडलंय? ते ओळखायचं कसं? ती जवळ जाऊन ऐकू लागली. वडिलांचं निम्मं म्हणणं तिला पटलं.

"मग कसं करू, ताई?" मिस्त्रीने विचारलं.

नेमकं कोणतं निम्मं पटलं, ते तिला काही केल्या सांगता येईना.