खालच्या फळीवरची अंडी

मी उबवणीची पेटी बोलतेय. जरा लांबूनच ऐका, अंगाला हात लावू नका. शॉक द्यायची खोड आहे मला.

पत्र्याच्या कारखान्यात जन्मले. घणाखाली ठोकून ठोकून मला चौकोनी केलं, अंगात खिळे मारले, पोटात तारा कोंबल्या आणि वर म्हणाले, "आता हिने आईची ऊब द्यायची." घ्या! मार खाऊन माया शिकलेली मी काही एकटीच नसेन म्हणा.

तिथून आले प्रयोगशाळेत. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडतं ते तिथे बघायचे. बघायचे म्हणजे काय, तर कातरीने कवचाला खिडकी पाडायची, आतला धडधडणारा लाल ठिपका हुडकायचा आणि सुई खुपसायची. याला शिकलेली माणसं नाजूक काम म्हणतात.

माझं दार जरा वाकडं. हाताने लागायचंच नाही, टाचेची लाथ हवी. येणारा मारी, जाणारा मारी. मीही काही संत नव्हे. लाथेसरशी पोटातल्या, ओलाव्यासाठी ठेवलेल्या ताटलीतलं पाणी हिंदकळलं की माझ्या अंगात वीज उतरायची, आणि बेसावध माणूस "आई गं!" करत उडायचा. त्या आवाजासाठी तर मी जगायचे. शेवटी सगळ्यांनी रबरी चपला घेतल्या. भित्रे कुठले.

तिथले मुख्य म्हणजे मोठे सर. देह पहिलवानाचा, डोकं बंबाचं. दम्याचं, श्वासातून ओढायचं एक औषध अंड्यात टोचलं की पिल्लू वाकडं निघतं, असा त्यांचा शोध. मान पिळलेली, पाठ दुमडलेली पिल्लं. पेपरात सरांचा फोटो झळकला आणि गरोदर बायका ते औषध गटारात फेकू लागल्या.

त्यांच्या हाताखाली एक बाई संशोधन करायची. अंडीबाईच म्हणायचे तिला. पहिल्याच दिवशी तिला मी सणसणीत झटका दिला, तर पोरीने रडण्याऐवजी मलाच थोबाडलं! तेव्हाच जीव जडला.

एकदा तिची धाकटी बहीण डबा द्यायला आली. पोट पुढे, ओठ निळे. जिना चढली आणि दम लागला. काय तो दम! कुणी उशी दाबून धरल्यासारखी तडफडत होती, नखांनी माझा रंग खरवडत होती.

"औषध कुठाय तुझं?" बाई ओरडली.

"फेकलं... ताई... तुझ्याच सरांनी... पोर वाकडं होतं म्हणे..."

"अगं, तूच मरशील!"

"मरेन. पण पोर सरळ हवं."

ती सावरली, पण औषधाला शिवेना. बाई सरांकडे गेली, तर सर म्हणाले, "विज्ञान तुझ्या बहिणीला विचारून चालत नाही." आणि तरातरा येऊन त्यांनी माझ्या दाराला लाथ घातली. बाईचा हात आत होता, खालच्या फळीवर. बोटं चेचली, रक्त आलं. ती किंचाळली आणि मधेच फळ्यांकडे निरखून बघू लागली. वरची फळी जागची हलली नव्हती. खालच्या फळीवरची अंडी मात्र अजून थरथरत होती.

आणि औषधाची अंडी कायम खालीच! सरांचा दंडकच तो. औषध गळलं तर साध्या अंड्यांवर पडू नये म्हणून साधी वर, औषधाची खाली. काय ती काळजी! त्या काळजीपायी बिचारी पिल्लं जन्माआधीच लाथा खात होती.

बाईने गुपचूप फळ्या बदलल्या. औषधाची वर, नुसतं पाणी टोचलेली खाली. सर रोजच्यासारखे लाथा घालत राहिले. मग एका सकाळी सगळ्यांसमोर तिने खिडक्या पाडल्या. औषधवाली पिल्लं सुतासारखी सरळ. पाणीवाली पिळलेली.

"अदलाबदल केलीस तू!" सर गरजले.

"केली. फळ्यांची. लाथ तेवढी तुमचीच ठेवली, सर."

मग जे झालं, वा! सरांनी लोखंडी स्टूल उचललं आणि माझ्यावर हाणलं. काच फुटली, बिजागरी तुटली, अंड्यांचा पिवळा-लाल सडा पडला. बाई पुढे झाली तर तिला काचांवर ढकललं, तळहात फाटला तिचा. तिसऱ्या घावाला ताटली उलटली आणि पाणी माझ्या अंगभर पसरलं. सरांची चप्पल कधीच निसटली होती. त्यांनी अनवाणी पाय उगारला.

या सर, म्हटलं, या!

असा झटका मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. पहिलवान भिंतीवर जाऊन आपटले. पुढचे दात पडले, खांदा निखळला. माझ्याही तारा जळाल्या, पण त्या "आई गं!"साठी पुन्हा जळेन.

बाईने सरांकडे वळूनही पाहिलं नाही. रक्ताळलेल्या हाताने बहिणीला फोन लावला होता. "औषध घे! नाही, आत्ता! ओढ, मला ऐकू येऊ दे!" पलीकडून लांबलचक श्वास आला. बाई माझ्याच अंगाला टेकून बसली.

पुढे ती तिथली मुख्य झाली. कितीतरी नव्या पेट्या आल्या, सगळ्यांची दारं बोटाने लागणारी. पायाने दार लावलं की बाई हाकलूनच देते म्हणे.

मी आता तिच्या बहिणीकडे असते, जिन्याखाली. वीज नाही, दार नाही. पोटात बूट ठेवतात. भाची झाली हो, बाणासारखी सरळ, आणि फुटबॉल खेळते! रोज घरी आली की सरावासाठी मलाच लाथा घालते. टाचेने नाही, चवड्याने. पोरीला चांगलं शिकवलंय.

अंडीबाई, एवढं कराल? तार जोडून द्या एकदा. एकच झटका, अगदी हलका. मावशीची ओळख नको का व्हायला पोरीला?