गळकी जमीन

आमच्या ह्यांना गळती दिसली की घास गोड लागत नाही. जन्मभर नळदुरुस्ती केलेला माणूस. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी आधी मोरीत डोकावतात, मग यजमानांची विचारपूस.

सूनबाई मातीचा अभ्यास करते. मुंग्या बिळं पाडतात, त्याने माती भुसभुशीत होते आणि पाणी खोल मुरतं, हे तिला आमच्याच शेतात तिच्या सरांना दाखवायचं होतं. पटलं तर पदवी, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आदल्या दिवशी तिने ह्यांना प्रयोग दाखवला. बूड नसलेलं लोखंडी कडं जमिनीत ठोकलं आणि आत पाणी ओतलं. साध्या जागी पाणी रेंगाळलं; मुंग्यांच्या वारुळावर बघता बघता गडप झालं. ती खुशीत हसली. हे मात्र जेवताना घास चिवडत बसले. मला वाटलं, सुनेच्या कौतुकाने भारावलेत. कसलं काय!

सकाळी सर आले. सूनबाईने वारुळावर कडं ठोकलं, पाणी ओतलं, घड्याळ धरलं. पाणी जसंच्या तसं. दुसऱ्या वारुळावरही तेच. सर म्हणाले, अंदाजच चुकला असेल तर विषय बदलावा लागेल. पोरीचा चेहरा उतरला.

आणि हे छाती काढून उभे! माझ्या कानात म्हणाले, "बघ, थेंब गळत नाही."

माझी नजर ह्यांच्या नखांवर गेली. चिकणमाती.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" मी विचारलं.

हे पुढे झाले. मान खाली घालून म्हणाले, "सर, पोरीची चूक नाही. पहाटे मीच भोकं बुजवली. वरून कोरडी माती भुरभुरली."

आपण बंद केलेलं आपल्याच हाताने उघडायचं, ही वेळ ह्यांच्यावर कधी आली नव्हती. उकिडवे बसले, पाण्यात हात घातला, चिकणमातीचा बोळा उपसला. पाणी सरसर खाली गेलं. सर आधी चकित झाले, मग खो खो हसले. म्हणाले, बुजवलेलं आणि उघडं, दोन्ही शेजारी शेजारी मोजायला मिळालं, याहून चांगला पुरावा कुठला? सूनबाई हसता हसता रडली. मग तिने विचारलं, "बाबा, आणखी किती बुजवली?"

"सगळी."

मग आम्ही सगळेच खुरपी घेऊन बसलो. बांधापर्यंत पोचलो तर तिथली भोकं मुंग्यांनी आधीच मोकळी केली होती. चिकणमाती कण कण करून बाहेर काढून ठेवलेली. हे वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

"काय सफाई आहे हाताला," हे म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. मला खरंच लागलं. खुरपं तिथेच टाकलं आणि सरांसमोरच सांगितलं, आजचा स्वयंपाकही त्या मुंग्यांकडूनच करून घ्या.