तिला हाक काय मारायची

"मणी घाल म्हणते ना! गाडी कुंपणाशी आली," मी धाकटीवर ओरडले.

धाकटी म्हणजे माझी सवत. शेणाने लिंपलेल्या भिंतीला टेकून बसली होती, गळा बोडका, कान बोडके. पोटचं पोर गेलं की आमच्यात बाई दागिना अंगाला लावत नाही.

"तूच गा जा, थोरले. माझा गळा मेला."

"मेलेल्या गळ्यानं गा! सासूच्या पोटात कालपासून काय आहे गं? नुसता चहा, तोही बिनदुधाचा. एक गाय तरी उरलीय का दारात?"

जंगल-सफारीचे कॅम्पवाले परदेशी पाहुणे आणतात, बायका रांगेत उभ्या राहून गातात, आणि ज्या घरची बाई रांगेत त्याच घराला मक्याचं पीठ. आंधळी सासू धाकटीच्या घरात. माझ्याही मडक्यात खडखडाट, माझ्या वाट्याचं पीठ दोन घरांना पुरणारं नाही, नाहीतर मीच नसतं का दिलं? मला काय हौस होती? पण दुष्काळाला सुतक कळत नाही.

तिचा एकुलता एक पोरगा उरल्यासुरल्या गायी घेऊन लांबच्या गवताला गेला होता. रानरेड्याने त्याला फाडला. गेलेल्याचं नाव आम्ही पुन्हा उच्चारत नाही, मीही उच्चारणार नाही. पण इथे बाईला हाक मारतात ती मुलाच्या नावाने, अमक्याची आई म्हणून. माहेरचं नाव लग्नातच सुटतं. ते पोर गेलं आणि तिला हाक मारायची सोयच राहिली नाही. बायका नुसतं 'अगं' म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या.

शेवटी मीच तिच्या गळ्यात मणी घातले. शिव्या देत घातले, रडत घातले.

रांगेत माझ्या शेजारी उभी राहून ती गायली. चांगली गायली मेली! पाहुण्यांतली एक म्हातारी पुढे आली आणि तिने धाकटीचा हात धरला. कोइनेत नावाचा त्यांचा ड्रायव्हर आमच्यातलाच, त्यांचं बोलणं तोच आम्हाला सांगायचा. तो म्हणाला, "मावशी, त्या विचारतायत, तुमचं नाव काय?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

धाकटीने तोंड उघडलं. गेलेल्याचं नाव तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. म्हातारी हसत वाट बघत होती. आता ही बोलणार, नाहीतर इथेच कोसळणार. पीठ अजून गाडीतच होतं.

"पारमुआतची आई!" मी म्हटलं. "सांग, ही पारमुआतची आई."

पारमुआत माझा. मलाही तेवढाच एक. शहरात रखवालदारी करतो.

"थोरले, वेड लागलं का तुला?" धाकटी पुटपुटली.

"गप्प बस. दोन आया असल्या म्हणून कोणी मरत नाही."

म्हातारीने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. कोइनेत खाली मातीकडे बघायला लागला.

"काय म्हणतेय?"

"तुमचं नाव विचारतायत."

मी धाकटीचा दंड घट्ट धरला.

"सांग तिला," मी म्हटलं, "मी हिची सवत."