हातावरचा नंबर

पायाला प्लास्टर आणि घरात एकटी, त्यामुळे सहा डिसेंबरची मुंबई मी सोनाळ्यात खाटेवर पडून मोबाइलमध्येच पाहत होते. पंधरा दिवसांपूर्वी अंगणवाडीच्या पायरीवरून वजनकाट्यासकट घसरले आणि घोटा मोडून घेतला. नाहीतर माझ्याशिवाय ही मंडळी घराबाहेर निघतात कशी, ते मी बघितलंच असतं.

घरचे सहा जण गेले होते. माझी धाकटी बहीण समता, तिचा नवरा धम्मदीप, आठवीतला संघर्ष, दुसरीतली करिष्मा, शिवाय धम्मदीपचे काका-काकू, जानराव आणि पंचफुला. शेगावहून गाडी पकडून पाच तारखेलाच पोचले. रात्रभर रांगेत उभं राहून सकाळी चैत्यभूमीवर अभिवादन झालं. परतीची गाडी रात्री होती. मधली दुपार मोकळी, म्हणून मुंबई बघायची ठरली. समताला गेटवे बघून होडीत बसायचं होतं. जानराव काकांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते. सत्तरीच्या माणसाचं पेंग्विनवाचून काय अडलं होतं कोण जाणे, पण महिनाभर दुसरा विषय नव्हता त्यांना. शेवटी दोन गट करून निघाले.

तीन वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर पहिला फोटो आला. मागे गेटवे, पुढे समता, धम्मदीप आणि संघर्ष. थोड्या वेळानं दुसरा आला. काचेपलीकडे पेंग्विन, अलीकडे काका-काकू, आणि काकांचा चेहरा असा फुललेला की जणू पेंग्विन त्यांनीच पाळलाय.

मी अंगणवाडी सेविका. बावीस मुलांचा पट. डोकी दिसली की मोजायची, ही माझी सवय. तीन आणि दोन, पाच. सहावं डोकं कुठे आहे?

करिष्मानं काकांचा फोटो काढला असेल, असं वाटलं. पोरीला मोबाइलचं भारी वेड. तरी मी काकूंना फोन लावला.

"काकू, करिष्माले द्या बरं जरा."

"करिष्मा? ती तं समताजवळ आहे वं. आमचा फोटो एका पोरानं काढून देल्ला."

मी लगेच समताला लावला. तिच्याकडे वारा आणि माणसांचा कालवा.

"करिष्मा काकासंग गेली नं, ताई. सकाळपासून पेंग्विन पेंग्विन करून राह्यली होती."

"काकू म्हणते, तुयाजवळ आहे."

 मग समता इतक्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला.

काय घडलं ते नंतर जुळवलं. शिवाजी पार्कापाशी दोन टॅक्स्या उभ्या होत्या. करिष्मा आधी काकांच्या टॅक्सीपाशी गेली, मग आईकडे पळाली, मग परत काकांकडे निघाली. काकूंना वाटलं, पोरगी आईजवळ राहिली. समताला वाटलं, काकांजवळ बसली. दोन्ही टॅक्स्या निघाल्या. याला दीड तास होऊन गेला होता.

दीड तास! लाखो माणसांत, सगळीकडे पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे. अंगावर पांढरा फ्रॉक आणि वेण्यांना निळ्या फिती असलेल्या पोरी तिथे हजारांनी असणार. आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. मुंबईला जाईपर्यंत करिष्मानं समुद्र कधी पाहिला नव्हता. आठवडाभर ती म्हणत होती, मावशी, मी त्यात पाय बुडवणार. तोवर तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वान धरणाचं, तेही बापाच्या खांद्यावरून.  डोळे मिटले की पाण्यावर पांढरा फ्रॉक दिसायचा, म्हणून मी डोळे मिटेना.

समताचा परत फोन आला. रडत होती, पण थोडी सावरलेली.

"ताई, तिच्या हातावर माया नंबर लिहेला आहे. पेनानं मोठा लिहून देल्ला होता म्या. कोणीतरी पाहीन, फोन करीनच. तू आता फोन करू नको. लाईन मोकळी पाह्यजे. हे म्हणतात, इथीच थांबू, पोलिसाले विचारू अन फोनची वाट पाहू."

तिनं फोन ठेवला.

करिष्माच्या हातावर नंबर नव्हता. तो मी पुसला होता.

निघायच्या दिवशी सकाळी समता डबे भरत होती. करिष्मा माझ्याकडे वेण्या घालायला आली. तिच्या मनगटावर निळ्या पेनानं नंबर लिहिलेला पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे किती मेसेज येतात, मीच ते पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवते. टोळीवाल्यांनी हा नंबर वाचला की आईच्या नावानं गोड बोलून पोरीला घेऊन जातील, असं माझ्या मनानं घेतलं. समताशी वाद घालायला वेळ नव्हता. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि पदरानं घासून काढलं, वर बाही ओढली. करिष्माला म्हटलं, आईले सांगू नको.

आणि हे एवढ्यावर थांबलेलं नव्हतं. आठ दिवस मी तिची तयारी घेत होते. प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून मी अनोळखी बाई व्हायचे. "काय नाव बेटा तुझं? चॉकलेट घे." ती गप्प राहिली तर पास. मग मी पोलीस व्हायचे. "कुठून आलीस? आईचं नाव सांग." पहिल्यांदा तिनं पोलिसाला सगळं सांगून टाकलं, तर मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "वर्दी भाड्यानं भेटते. पोलीस असो का कोणी असो, अनोळखी माणसापाशी तोंड उघडायचं नाई. रडायचं बी नाई. रडलं की समजते त्याइले, पोरगी एकटी आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते गिळलं. शेवटच्या दिवशी मी पाच वेगवेगळी माणसं झाले. पोरीनं ओठ हलवला नाही. मी म्हटलं, "पास!" आणि ती टाळ्या पिटत अंगणात पळाली.

आता तिकडे समता हातातल्या फोनकडे बघत उभी होती, आणि तो फोन वाजणार नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं. तरी मी लगेच सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, वीस मिनिटं मी गप्प बसले. कोणीतरी शोधून देईल, पोरगी मिळाली की नंबराचं कोण विचारतंय, असं स्वतःला समजावत होते. भिंतीवरचं घड्याळ पाहत होते आणि बोटांनी प्लास्टरचा कापूस उपटत होते. कोणाची भीती जास्त होती? पोरीचं काय झालं असेल त्याची, की समता मला काय म्हणेल त्याची? या प्रश्नाचं उत्तर मला त्या वेळी आवडलं नाही, आजही आवडत नाही.

चार वाजून गेले. दिवस मावळायला दोन तासही नव्हते. मी समताला फोन लावला. तिनं कापला. परत लावला, परत कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"ताई, म्या सांगतलं नं, लाईन मोकळी..."

"समता, फोन येणार नाई. थो नंबर म्या पुसला."

"काय?"

"वेण्या घालताना पुसला. अन तिले म्या शिकवलं का कोनालेच नाव सांगायचं नाई. पोलिसाले बी नाई. गेटवेवर थांबू नका. जिथी सुटली तिथीच जा, लवकर जा."

मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  "टॅक्सी पाहा, टॅक्सी," असं धम्मदीपला सांगताना तिचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा पाऊण तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. कुबडी घेऊन दारापर्यंत गेले, परत आले. शेजारची बाई शेतातून परतताना विचारून गेली, "आले का वं फोटो मुंबईचे?" मी हो म्हटलं. फोन लावायचे तर लागत नव्हता. त्या भागात इतकी माणसं, इतके मोबाइल, नेटवर्क कुठून मिळणार. पाच वाजायच्या सुमाराला अचानक संघर्षचा लागला.

"मावशी, आम्ही शिवाजी पार्कात आहो. काका-काकू बी आले. आई अन बाबा टॅक्सीच्या जागी पाहून राह्यले, मी स्टेजकडे चाललो. नाई सापडून राह्यली." पोराचा आवाज फुटत होता.

"फोन चालूच ठेव बेटा. बंद नको करू. पाहत राय अन सांगत राय."

तो चालत राहिला. माझ्या कानात पुस्तकं विकणाऱ्यांच्या हाका, पाण्याचं वाटप, गाणी, आणि या सगळ्यावरून भोंग्यातून येणारा एका माणसाचा आवाज. हरवलेल्या माणसांची नावं तो वाचत होता. जालन्याचे कोणी आजोबा, परभणीची बाई. मग तो म्हणाला, "एक मुकी मुलगी सापडली आहे. वय अंदाजे सहा-सात वर्षं. पांढरा फ्रॉक, निळ्या फिती. मुलीला बोलता येत नाही. पालकांनी मदत कक्षात यावं."

"संघर्ष, हे ऐकलं का?"

"हाव मावशी. थे तं केव्हाचं सांगून राह्यले, तीन-चार खेप झालं. आई म्हणे, बिचारी कोनाची मुकी पोरगी हरवली."

मी खाटेवरून उठले. मोडलेला पाय जमिनीवर टेकला तेव्हा कळ डोक्यात गेली, तरी मी ओरडत होते.

"अरे ती मुकी नाई! आपलीच आहे ती! म्याच तिले गप्प राह्याले सांगतलं. धाव, संघर्ष, धाव!"

तो पळत सुटला. फोन त्याच्या मुठीत होता, त्यामुळे मला फक्त धडपड, लोकांचं "अरे हळू" आणि त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मध्येच तो आईला हाक मारत होता. ती दुसरीच कोणाची मुलगी निघाली तर? खरोखरच मुकी, दुसऱ्याच कुठल्या गावची?  भिंतीला धरून मी उभी राहिले, बसायची हिंमत होईना.

मग समताची किंकाळी ऐकू आली. त्या किंकाळीत काय होतं, ते मला लगेच समजलं नाही. दोनदा विचारलं, "काय झालं? संघर्ष, काय झालं?"

"आहे मावशी," तो हुंदके देत म्हणाला. "करिष्माच आहे."

मी खाली बसले, तिथेच जमिनीवर.

पलीकडे गडबड चालली होती. एक बाई सांगत होती की पोरगी दुपारपासून इथे बसलीय, बिस्किट दिलं तर घेत नाही, पाणीही पीत नाही, नाव विचारलं की ओठ घट्ट मिटते. पोलिसांनी विचारलं, बायकांनी विचारलं, एका मॅडमनं खुणांनीही विचारून पाहिलं. समता पोरीला कवटाळून म्हणत होती, "बोल नं करिष्मा, बोल नं माय." करिष्मा आईला घट्ट धरून होती आणि तरी बोलत नव्हती. धम्मदीप विचारत होता, हिले झालं तरी काय?

"संघर्ष, तिच्या कानाले फोन लाव," मी म्हटलं.

तिचा श्वास ऐकू आला. बारीक, भरभर चाललेला.

"करिष्मा, मी मावशी."

तिनं तोंडावर हात धरला असावा, इतक्या हळू आवाजात ती बोलली.

"मावशी, हे वर्दीवाले इथीच उभे आहेत. म्या कोनालेच काई सांगतलं नाई. रडली बी नाई." आणि मग, "मी पास झाली का?"

हो म्हटलं असतं, तर पुढच्या वेळीही ती अशीच ओठ मिटून बसली असती. नाही म्हणायला माझ्या जिभेत जोर नव्हता. तीन तास उपाशी, तहानलेली, माझ्या एका चिमट्याला घाबरून तिथे बसलेलं ते लेकरू होतं.

"बेटा, पेपरच चुकीचा होता," मी म्हटलं. "मावशीनं चुकीचा काढला होता. तुयी काईच चूक नाई. त्या वर्दीवाल्याइनं तुले नाव विचारलं होतं नं?"

"हाव."

"मंग आता सांग त्याइले. मोठ्यानं सांग."

 तिला खात्री वाटत नसावी, हा मावशीचा नवा डाव तर नाही ना. "खरंच सांगू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "खरंच सांग." मग फोनपासून जरा दूर, अंगणवाडीत हजेरी देताना पोरं देतात तशा खणखणीत आवाजात, करिष्मानं स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, बापाचं नाव, सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा असं सगळं एका दमात सांगितलं, आणि संपल्यावर ती पहिल्यांदा रडली.