एकतीस कप्प्यांची पेटी

मित्रांनो, लांबून बघाल तर मला औषधांचं कपाट समजाल आणि जवळून बघाल तर कबुतरांचं खुराडं. मी यातलं काहीच नाही. मी लोकरीच्या दुकानातली लाकडी पेटी आहे. माझ्या अंगात छोटे छोटे एकतीस कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यावर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा लिहिलेला आहे.

सुताराने मला आधी तीसच कप्पे केले होते. दुकानाच्या मालकीणबाई मला न्यायला आल्या. त्यांना सगळी गिऱ्हाइकं मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. त्यांनी बोटाने कप्पे मोजले आणि विचारलं, "एकतीस कुठाय?"

"मावशी, वर्षातल्या सात दिवसांसाठी कशाला लाकूड नासायचं?"

"सात तर सात. त्या दिवसांनी काय उपाशी राहायचं?"

सुताराने कुरकुरत तिसाव्या कप्प्यात आडवी फळी ठोकली. म्हणून माझे शेवटचे दोन कप्पे आजही अरुंद आहेत.

मावशींच्या दुकानाची एक खास पद्धत होती. एका मोठ्या पांघरुणाला वीसएक गुंडे लोकर लागते. एवढे पैसे एकदम काढणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून मावशींनी वर्गणी सुरू केली होती. दर महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे, दर महिन्याला दोन गुंडे घ्यायचे. विणता विणता वर्ष सरायचं आणि पांघरूण पुरं व्हायचं.

प्रत्येक वर्गणीदाराचं एक कार्ड असे आणि ते माझ्या एखाद्या कप्प्यात राही. कुठल्या कप्प्यात, हे मावशी नीट विचारपूस करून ठरवत. ज्याचा पगार दहाला, त्याचं कार्ड दहाच्या कप्प्यात. जिला पेन्शन सातला, तिचं सातच्या. शाळेतल्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांचं कार्ड एकच्या कप्प्यातून उठून सातच्या कप्प्यात आलं. बाईंना सांगावंसुद्धा लागलं नाही.

कार्डाला वर एक भोक असे. वर्गणीदाराने पांघरूण विणायला घेतलं की मावशी त्याच लोकरीचा धागा त्या भोकात बांधत. धागा आहे तोवर भाव तोच. बाजारात लोकर कितीही महाग होवो, हातातलं पांघरूण संपेपर्यंत मावशी एक पैसा वाढवत नसत. पांघरूण पुरं झालं की धागा सोडत आणि पुढच्याला नवा भाव लावत. त्यावरून कुणी भांडलेलं मला आठवत नाही. उलट येणारे जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "मावशींचं डोकं या पेटीत आहे." मला फार अभिमान वाटे.

असे दिवस पुष्कळ गेले. मग मावशींचे गुडघे दुखू लागले, आणि गल्लीतली जुनी माणसंही एकेक करून कमी झाली. वर्गणीदार एक्केचाळीसवर आले. आम्हाला लोकर रंगवून देणारा रंगारी गावाबाहेर राही. निदान चाळीस जणांची मागणी असेल तरच तो भट्टी पेटवी. एक्केचाळीस म्हणजे अगदी काठावरचा आकडा.

तेव्हा मावशींच्या सुनेने ऑनलाइन दुकान काढलं. मुलगी मोठी हुशार. तिने लोकरीचे असे फोटो काढले की मलासुद्धा ती लोकर नवीन वाटली. कुठल्या कुठल्या गावांहून माणसं वर्गणीदार झाली आणि तीन महिन्यांत आकडा बासष्टवर गेला. मावशी सगळ्यांना सांगत सुटल्या, "माझ्या सुनेने दुकानाला पंख लावले."

जुनी कार्डंही तिने संगणकात उतरवली. नाव, पत्ता, रंग. मग कार्डं परत माझ्यात ठेवून मला कपाटाच्या डोक्यावर चढवलं. हळूहळू माझ्या मोकळ्या कप्प्यांत चिकटपट्टी, घड्याळाचे सेल आणि तुटक्या सुया येऊन राहू लागल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दुकान भरलेलं दिसत होतं. मी गप्प बसले.

मग एका महिन्यापासून सुनेने सगळ्यांचे पैसे एक तारखेला आपोआप कापायची सोय केली. लोकर महागली होती, म्हणून त्याच दिवसापासून नवा भाव लावला. तिच्या दृष्टीने ते अगदी नीटनेटकं होतं. एक दिवस, एक भाव, एक यादी.

पहिल्या महिन्यात अकरा जण गळाले. दुसऱ्या महिन्यात सतरा. बासष्टचे चौतीस झाले. रंगाऱ्याचा निरोप आला की शुक्रवारी सकाळपर्यंत चाळीस जण सांगा, नाहीतर या वर्षी तुमची भट्टी नाही. आणि मित्रांनो, लोकरीचं असं असतं की एका रंगाऱ्याचा रंग दुसऱ्याकडे हुबेहूब मिळत नाही. भट्टी पेटली नाही तर कितीतरी पांघरुणं अर्धीच राहणार होती. सून यादीकडे बघत बसे आणि नखं खाई.

त्या सोमवारी दुपारी दुकानात बसचे ड्रायव्हर आले. दोन फेऱ्यांच्या मधे डेपोत बसून विणणारे हे आमचे जुने वर्गणीदार. त्यांनी पिशवीतून पिवळं पांघरूण काढून गल्ल्यावर पसरलं. एका कडेला हातभर विणायचं राहिलं होतं.

"वहिनी, कात्री द्या. धागा कापून इथेच संपवतो."

"अहो भाऊ, कापताय कशाला? इतकं सुंदर झालंय!"

"काय करू? तुमच्या संगणकाने मला काढून टाकलं. तीन पत्रं आली. पैसे नाहीत, पैसे नाहीत, आणि मग सदस्यत्व रद्द. इकडे लेकीला पुढच्या महिन्यात बाळ होणार."

सून गोंधळली. "पण पहिली तारीख सगळ्यांच्या सोयीची असते ना?"

"ज्यांचा पगार पहिलीला होतो, त्यांच्या सोयीची. माझा दहाला होतो. एक तारखेच्या आधी माझ्या खात्यातून भाड्याचे पैसे गेलेले असतात आणि उरतो तो मी."

आवाज ऐकून मावशी भिंतीचा आधार घेत आतून आल्या. "अगं, यांचं कार्ड दहाच्या कप्प्यात होतं ना?"

"होतं, आई. पण मला वाटलं, जिथे जागा मिळाली तिथे तुम्ही कार्डं ठेवलीत."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "आणि धागे? ते कशाचे वाटले तुला?"

"कुणाला कुठला रंग आवडतो, त्याचा नमुना."

"मग भाव सगळ्यांचा वाढवलास? विणणं चालू असताना?"

सुनेने मान खाली घातली. मला वाटलं, आता वादळ होणार. पण मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चूक माझीच. मी तुला एका शब्दाने सांगितलं नाही. एवढं शहाणं यंत्र, त्याला एवढं ठाऊक असेलच, असं धरून चालले मी."

"यंत्राला सांगितलं तेवढंच कळतं, आई."

"म्हणजे माझ्या मुलासारखंच आहे की ते," मावशी म्हणाल्या, आणि ड्रायव्हरभाऊ पहिल्यांदा हसले.

मला खाली उतरवलं गेलं. सेल आणि तुटक्या सुया निघाल्या, फडक्याने कप्पे पुसले गेले. मावशी एकेक कार्ड हातात घेऊन तारीख सांगत आणि सून ती संगणकात भरी. धागा असला तर जुना भाव, नसला तर नवा. एकतीसच्या कप्प्यापाशी गाडी अडली.

"आई, संगणक विचारतोय, एकतीस तारीख नसेल त्या महिन्यात काय करायचं?"

"महिन्याच्या शेवटच्या दिवशी घ्यायचे. पण पुढच्या महिन्यात मुकाट्याने परत एकतीसला. तिथेच ठाण मांडून बसायचं नाही म्हणावं."

लांबच्या नव्या वर्गणीदारांसाठी सुनेने दुकानाच्या पानावर एक चौकट घातली, तुमची तारीख तुम्हीच निवडा अशी. मग दोघींनी गळालेल्यांना फोन लावायला घेतले. जादा घेतलेले पैसे परत करतो, असंही सांगितलं. शाळेतल्या बाईंनी आधी फटकारलं. "तीस वर्षं मला बाई म्हणता, आणि त्या पत्रात मी 'प्रिय ग्राहक'? सातला पैसे घ्या आणि पुन्हा प्रिय म्हणू नका." काहींनी फोन उचललाच नाही. काहींनी दुसरीकडून लोकर घेतली होती. एक आजोबा आठवणीने सगळ्यांची चौकशी करत राहिले, पण वर्गणीला नाही म्हणाले, कारण आता हात थरथरत होते. ते ऐकून मावशींनी त्यांचा धागा हलकेच सोडवला.

गुरुवारी संध्याकाळी ड्रायव्हरभाऊ धरून एकोणचाळीस झाले.

एकच कमी. दोघी माझ्याकडे बघत बसल्या. मग सुनेने खणातून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं.

"तुला साधा टाका घालता येत नाही," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही शिकवाल." ती लिहिता लिहिता थांबली. तारखेच्या जागी पेन अडलं होतं. "आई, मी कुठल्या कप्प्यात जाऊ? माझ्या हातात ठरावीक दिवशी पैसे येतच नाहीत."

सकाळी शटर उघडणारी ती, पार्सलं बांधणारी ती, आणि सगळ्यांच्या तारखा सांभाळणारीही तीच. मावशींनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि कार्डावर पाच लिहिलं.

"दर महिन्याच्या पाच तारखेला तुझा पगार. दुकानाचा पहिला खर्च तोच. लोकरीचे पैसे मात्र त्यातून कापून घेईन हं, सोडणार नाही."

सून हसली आणि डोळेही पुसले. शुक्रवारी सकाळी रंगाऱ्याला फोन गेला. चाळीस.

मित्रांनो, आता हिशेब संगणक ठेवतो आणि माझ्यापेक्षा चांगला ठेवतो. मी गल्ल्यावर असते, कार्डांसकट. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुकानं काढाल, याद्या कराल, सगळ्यांसाठी एकच दिवस ठरवाल. ठरवण्याआधी त्या माणसांना त्यांचा महिना कसा जातो ते विचारा. आणि यादी करणारं माणूस तुमच्याच घरातलं असेल, तर त्यालाही विचारा. पाचच्या कप्प्यात आता एका कार्डाला निळा धागा बांधलेला आहे. टाके जरा वेडेवाकडे पडतात, पण पांघरूण वाढतंय.