जावक तारांच्या वहीचे शेरे

मी एक जुनी नोंदवही आहे, आणि माझ्या चव्वेचाळीस पानांच्या पुड्या करून लोकांनी त्यांत भोपळ्याच्या बिया खाल्ल्या. बिया संपल्यावर पुड्या फेकून दिल्या. झालं, सांगून टाकलं. आता मित्रांनो, असं काही घडलंच नाही असं धरून चालू या, कारण आत्मवृत्त जन्मापासून सांगायची पद्धत आहे आणि मी पद्धतशीर वही आहे.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. दोनशे पानं, जाड कागद, पाठीला हिरवं कापड. माझ्या कव्हरवर ठळक अक्षरांत ‘जावक तारा’ असं छापलेलं आहे. आतल्या प्रत्येक पानावर रकाने आहेत: अनुक्रमांक, प्रेषक, शब्दसंख्या, शेरा, आणि शेवटी ‘पोहोचली का?’. एवढं सगळं छापून मला अलेक्झांड्रियातल्या एका तारघरात पाठवलं, आणि मी तिथं पोहोचले त्याच महिन्यात तारेची खिडकी बंद झाली. माझ्यात एकही तार नोंदवली गेली नाही. मित्रांनो, पोहायला शिकून किनाऱ्यावर यावं आणि समुद्र सुट्टीवर गेलेला असावा, तसं माझं झालं.

त्या खिडकीत मादाम इन्साफ तीस वर्षं बसत होत्या. लोकांचे शब्द मोजायचे आणि जास्तीचे काढून टाकायला लावायचे, हे त्यांचं काम. ‘अत्यंत दुःखाने कळवावे लागते की’ असं कुणी लिहून आणलं, की त्या पेन्सिलीने ते खोडून म्हणत, “गेले म्हटलं की दुःख कळतंच.” त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं. घड्याळ आलं नाही. साहेबांनी मग कपाटात हात घातला, आणि हाताला मी लागले.

इब्राहिमिया भागातल्या घरी आल्यावर मादाम इन्साफ यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की तीस वर्षांची सवय आता कुठं ठेवायची. त्यांनी ती कादंबऱ्यांवर ठेवली. नव्या कादंबऱ्या, जिवंत लेखकांच्या. जुन्यांबद्दल त्या म्हणत, “त्यांना आता सांगून काय उपयोग?” कादंबरी वाचून झाली की माझे रकाने भरायचे. प्रेषकाच्या खाली लेखकाचं नाव, शब्दसंख्येच्या खाली पानं, मग शेरा, आणि शेवटी निकाल. माझ्यातले काही शेरे मला आजही पाठ आहेत.

‘सहाशे बारा पानं. चार पिढ्या, त्यांत तिघांचं नाव एकच. वंशावळ मी स्वतः काढून पहिल्या पानाला चिकटवली. पोहोचली, पण मीच जाऊन घेऊन आले.’

‘मेलेला माणूस गोष्ट सांगतो. या वर्षातली ही चौथी. जिवंत माणसांना कुणी विचारतच नाही. पोहोचली नाही.’

‘नायक खिडकीतून समुद्र बघत बसतो. अलेक्झांड्रियात सगळेच बघतात आणि तरी कामावर जातात. अर्धी पोहोचली.’

‘बस डेपोतल्या तिकीट तपासणारीची गोष्ट. लेखिकेचं हे पहिलंच पुस्तक. चौऱ्याण्णव पानं. एक तरी शब्द काढून टाकता येतो का ते पाहिलं, नाही आला. वांगी करपली. पोहोचली.’

बारा वर्षं हे असं चाललं होतं. मादाम माझ्यावरची धूळ रोज पुसत, पण मला कुणाला दाखवत नसत. तारघरातली शिस्तच तशी होती. एकाची तार दुसऱ्याला वाचू द्यायची नाही.

आणि मग वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी कादंबरी लिहिली.

डॉक्टर वजीह हा भला माणूस. लिफ्ट बंद असली की मादामच्या पिशव्या तेच वर नेत. त्यांनी ‘तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र’ नावाची कादंबरी छापून घेतली आणि तीनशे प्रती वाटल्या. सगळ्या इमारतीने त्यांना मिठ्या मारल्या. मादामनाही एक प्रत मिळाली. त्यांनी ती चार दिवसांत वाचली, माझ्यात एका पानाच्या दोन्ही बाजू भरून शेरा लिहिला, आणि त्यानंतर जिन्यावर पाऊल टाकायच्या आधी कान देऊन ऐकायला सुरुवात केली.

तरी गाठ पडायचीच.

“मादाम, कुठपर्यंत आलात?”

“वाचतेय डॉक्टर, सावकाश वाचतेय. चवीने.”

“मागच्या महिन्यातही चवीनेच वाचत होतात.”

“चव मोठी आहे.”

असे चौदा महिने गेले. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोलवत नाही, म्हणून मादाम वाचतच राहिल्या. त्यातच त्यांची डावी दाढ दुखू लागली. वजीह यांच्याकडे जावं तर खुर्चीत बसल्याबसल्या ते कादंबरीचंच विचारणार. दुसऱ्या दंतवैद्याकडे जावं तर इमारतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग त्यांनी दाढेत लवंग धरली आणि उजव्या बाजूने चावायला लागल्या. तिकडे डॉक्टरांचं वेगळंच चाललं होतं. पहिलीबद्दल कुणी ‘छान आहे’ याच्या पुढे एक शब्द बोलेना, म्हणून त्यांनी दुसरी कादंबरी अठराव्या पानावर थांबवून ठेवली होती. तीनशे प्रती दिल्या आणि तीनशे वेळा ‘छान’ ऐकलं. मित्रांनो, ‘छान’ हा शब्द मादामनी मोजलाच नसता.

रमजानच्या दोन आठवडे आधी घराघरांत साफसफाई काढतात. मादामची धाकटी बहीण सुहैर त्यासाठी खास तांता शहरातून आली. मादाम जर्दाळूचा पापड आणि खजूर आणायला बाजारात गेल्या, आणि सुहैरनं कपाट उपसलं. तिनं माझं कव्हर वाचलं. ‘जावक तारा’. ती मोठ्यांदा म्हणाली, “या तायडीचं काय करावं! खातं बंद होऊन जमाना झाला आणि ही अजून सरकारच्या वह्या सांभाळतेय!” खालून भंगारवाल्याची हाक येतच होती. तिनं टोपली दोरीनं खाली सोडली. टोपलीत एक फुटका पंखा होता, दोन पातेली होती आणि मी होते.

तिनं मला उघडून बघितलं नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. कव्हरवर सरकारी अक्षरं असली की माणसं आत बघत नाहीत, हे मला माझ्या जन्मापासून माहीत आहे.

भंगारवाल्याकडून मी बय्यूमीकाकांकडे आले. ट्रामच्या थांब्यासमोर त्यांचं बिया आणि दाणे भाजायचं दुकान आहे. त्यांनी माझं एक पान दोन बोटांत धरून उजेडात बघितलं.

“सरकारी कागद! तेल झिरपणार नाही,” ते म्हणाले. माझी एवढी स्तुती कुणी कधी केली नव्हती. मग त्यांनी मला खिळ्यावर टांगलं आणि तिसाव्या पानानंतर फाडायला सुरुवात केली. पहिली तीस पानं पाठीच्या कापडाला घट्ट चिकटली होती म्हणून वाचली.

फाडल्यावर दुखतं का? दुखतं. पण पुढं जे झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या एक बाई पुन्हा दुकानात आल्या.

“बय्यूमीकाका, पावशेर सूर्यफूल. आणि पुडीला त्या बस डेपोवाल्या कादंबरीचं पान द्या. कालच्या पानावर नाव अर्धंच होतं.”

“ते पान मासळीबाजाराकडे गेलं.”

“मग त्या मेलेल्या माणसाचं द्या.”

“अहो बाई, मी बिया विकतो की निकाल?”

पण त्यांनी दिलं. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ दुकानात येऊन रागावले, कारण त्यांच्या पुडीवर कोरा रकाना आला होता. बारा वर्षांत मला एका माणसानं वाचलं होतं. चार दिवसांत चाळिसांनी वाचलं, तेही खारट बोटांनी. खिळ्यावर टांगलेली, दर तासाला पातळ होत जाणारी मी, खरं सांगते, खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर वजीह दुकानात आले. त्यांच्या हातात एक उलगडलेली पुडी होती. आदल्या दिवशी तिच्यातून त्यांनी भोपळ्याच्या बिया नेल्या होत्या.

“बय्यूमीकाका, हे कुणी लिहिलंय?”

“मला काय विचारता डॉक्टर, मी आग लावतो, पेन नाही चालवत. काय झालं, बिया किडक्या निघाल्या?”

डॉक्टर पुन्हा पानच बघू लागले. तेवढ्यात दारातून मादाम इन्साफ आत आल्या. एक हात गालावर होता. तीन दिवस त्या भंगारवाल्यांच्या मागावर होत्या, आणि सुहैर अपराधी चेहऱ्याने त्यांच्या मागून फिरत होती. मादामनी आधी खिळ्यावर मला पाहिलं. मग डॉक्टरांच्या हातातलं पान पाहिलं. दुकानात फक्त कढईतल्या बियांचा आवाज उरला.

सुहैरला शांतता सहन होत नाही.

“ताई, हीच ना ती वही?” ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, “आणि हे कोण गं? तू सांगतेस ते लाटांवाले डॉक्टर?”

मादामनी डोळे मिटले. डॉक्टरांनी पान वर धरलं आणि वाचलं. वाचताना त्यांचा आवाज दवाखान्यातल्यासारखा सपाट होता.

“‘दोनशे एकतीस पानं, त्यांतल्या साठांवर लाटा. मामा नव्वदाव्या पानावर मरतो, दफनाला अख्खं गाव येतं, आणि एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर तोच मामा चहात साखर कमी आहे म्हणून भांडतो. लेखकाने ही कादंबरी वाचलेली नाही.’” ते थांबले. “मादाम, मामा मेलाय?”

“नव्वदाव्या पानावर.”

“आणि एकशे सत्त्याऐंशीला साखर मागतो?”

“दीड चमचा.”

डॉक्टर सूर्यफुलाच्या पोत्यावर बसले. बय्यूमीकाकांनी ‘पोतं उघडं आहे’ असं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

“तीनशे प्रती,” डॉक्टर म्हणाले. “इमारतीत, बहिणीच्या सासरी, दंतवैद्यांच्या मेळाव्यात. सगळे म्हणाले छान आहे. प्रकाशक तर म्हणाला, रडलो. आणि मामाला कुणी पाहिलाच नाही? एकशे सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत अख्ख्या शहरातून एकच माणूस गेलं?”

“डॉक्टर, मी सांगणार होते. पण—”

“तुम्ही खरंच वाचलीत, मादाम.” त्यांचे डोळे भरून आले होते. “अहो, तुम्ही माझं पुस्तक खरंच वाचलंत!”

“तुम्ही काही मला शिव्या देणार नाही?”

“शिव्या? लोक मिठी मारून गेले, तुम्ही साखर मोजलीत!”

मादामनी गालावरचा हात काढला. “पान उलटा,” त्या म्हणाल्या. “मागची बाजू वाचली नाहीत का?”

वाचली नव्हती. पहिल्या बाजूवरच त्यांचा धीर संपला होता. त्यांनी पान उलटलं. तिथं मादामनी लिहिलं होतं:

‘पान एकशे चाळीस. आई मसूर निवडत बसली आहे. मुलगा परदेशी चाललाय हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तरी ती एका माणसापुरताच मसूर निवडते. हे पान तीन वेळा वाचलं. मग उठले आणि माझ्या भांड्यातला मसूरही मोजून पाहिला. ज्याला हे येतं त्यानं लाटा कशाला मोजाव्यात? हे पान पोहोचलं.’

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. नंतर पानाची घडी घालून खिशात ठेवली, उठले, आणि मादामच्या समोर उभे राहिले.

“तोंड उघडा.”

“इथं?”

“बय्यूमीकाका, तो दिवा इकडे धरा.” त्यांनी वाकून पाहिलं. “ही दाढ किती दिवस दुखतेय?”

“चौदा महिने.”

“म्हणजे माझं पुस्तक आलं तेव्हापासून!”

“एकाच आठवड्यात आली दोन्ही,” सुहैर म्हणाली.

त्याच संध्याकाळी दाढ काढली. खिळ्यावरून सुटून मादामच्या हाती परत आलेली मीही तिथं होते, चिमटे आणि कापसाच्या शेजारी. चाळीस मिनिटं मादामचं तोंड उघडं होतं, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी दुसरी कादंबरी पहिल्या पानापासून सांगितली. अठराव्या पानापुढचं तिथंच सुचलं. मादामना फक्त ‘आं’ म्हणता येत होतं, आणि त्यांनी ते योग्य ठिकाणी म्हटलं. घरी आल्यावर गालात कापूस धरून त्यांनी माझ्या एकतिसाव्या पानावर, म्हणजे आता जे एकतिसावं आहे त्यावर, लिहिलं: ‘दुसरी कादंबरी, तोंडी. समुद्र आहे, पण आटोक्यात. मामा मुळातच नाही. वाट पाहते.’

माझं ते फाटकं पान डॉक्टरांनी काच लावून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टांगलंय. मामा आणि लाटा लोकांकडे, मसूर भिंतीकडे. “चांगली बाजू आत का?” असं मादामनी विचारलं, तर म्हणाले, “ती माझी आहे.”

मित्रांनो, मी आभारी आहे. सुहैरची, कारण तिनं मला उघडून बघितलं नाही. त्या खिळ्याची. खारट बोटांच्या त्या चाळीस माणसांची. मादामची तर आहेच. तुम्हाला कुणी आपलं पुस्तक दिलं, तर ते वाचा. नाही वाचलंत तर नाही म्हणा, त्यानं कुणाची दाढ दुखत नाही. वाचलंत तर मामाचं सांगा आणि मसुराचंही सांगा. कुठलीही एकच बाजू टांगू नका. मात्र माझी बाकीची त्रेचाळीस पानं अजून बाहेर आहेत. त्यांवर एकोणीस कादंबऱ्यांचे शेरे आहेत, आणि त्यांचे लेखक जिवंत आहेत. बस डेपोवाली ती मुलगी आपलं पुस्तक कुणी वाचलं की नाही हे न कळताच रोज झोपत असेल. सबब हा अर्ज.

प्रति, अलेक्झांड्रिया शहर व उपनगरांतील समस्त बिया व दाणे खाणारे नागरिक यांसी. विषय: निम्नस्वाक्षरीकार वहीची पृष्ठे परत मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर वहीची त्रेचाळीस पृष्ठे ज्यांच्या खिशात, गादीखाली, ट्रामच्या बाकामागे अथवा समुद्रावरील वाऱ्यात आढळून येतील, त्यांनी ती मीठ झटकून व सरळ करून, ज्या लेखकाच्या कादंबरीविषयी ती आहेत त्याच्या राहत्या घरी समक्ष नेऊन द्यावीत; दार उघडले असता ‘शेवटपर्यंत वाचली आहे’ एवढेच तोंडी कळवावे, आणि लेखकाची सही घेऊन परत फिरावे. मुदत सात दिवस. शुक्रवार वगळून.